आखाजीच्या आधी घेतलेला वायरवाला हेज ट्रिमर आणि त्याच्याहून महाग पडलेला एक्स्टेंशन बोर्ड

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाही, तीन वस्तूंचा आहे, आणि तिन्ही एकमेकींत अडकलेल्या आहेत. ५५० वॅटचा वायरवाला हेज ट्रिमर, २००० वॅटचा वायरवाला चेन सॉ, आणि या दोघांना करंट पोचवणारा एक्स्टेंशन बोर्ड, जो मी रेडिमेड न घेता अमळनेरातल्या एका मोटार रिवायंडिंगवाल्या भाऊंकडून बनवून घेतला. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाहीये. मशीन दोन्ही बऱ्या आहेत, माझं म्हणणं मशीनबद्दल कमी आणि मशीनला जोडायच्या वायरीबद्दल जास्त आहे, कारण घेताना आपण वॅट विचारतो, ब्लेड किती इंची विचारतो, वॉरंटी विचारतो, आणि वायर मात्र घरात पडलेली असतेच की म्हणून विषय सोडून देतो. मीपण तेच केलं होतं.

आमचं घर गावाबाहेर प्लॉट एरियात आहे, तीन बाजूंनी मेंदीचं कुंपण, मागच्या अंगाला मोठा कडुनिंब, बाजूला सीताफळ आणि दोन लिंबूची झाडं. आखाजीला (म्हणजे अक्षय तृतीयेला) दोन्ही नणंदा येतात आणि त्या निंबाला झोका बांधायचा असतो, हे आमच्याकडं ठरलेलं, सासऱ्यांच्या लहानपणापासून चालत आलेलं. यंदा कुंपण डोक्याच्या वर गेलेलं आणि निंबाच्या दोन फांद्या वाळून लोंबत होत्या, त्यांच्याखाली पोरींना झोक्यावर बसवायला माझी छाती होत नव्हती. मजूर दोन दिवस येतो येतो म्हणून आला नाही. मग मी ट्रिमर ऑनलाइन मागवला आणि भाऊजींनी (म्हणजे माझ्या दिरांनी) चेन सॉ आणला. ट्रिमर मी स्वतः चालवते, रोजचं बागेचं काम माझ्याकडंच आहे.

ट्रिमरबद्दल आधी उरकून घेते. वजन साडेतीन किलोच्या आसपास, ब्लेड २० इंची, मेंदीची बोटभर जाडीची काडी आरामात कापतो, वाळलेली असेल तर थोडा अडखळतो. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय तो सुरूच होत नाही, एक हात सोडला की ब्लेड लगेच थांबतं, म्हणजे चालू मशीन एका हातात आणि दुसऱ्या हातानं फांदी बाजूला सारतोय असं होऊच शकत नाही. काही लोक एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवतात असं ऐकलंय, कृपा करून असं करू नका, ते बटण तुमच्या बोटांसाठीच दिलेलं आहे. बॉडीवर चौकोनात चौकोन असं छोटं चिन्ह आहे, त्याचा अर्थ डबल इन्सुलेशन, म्हणून त्याला दोनच पिना आहेत आणि अर्थिंगची तिसरी पिन नाही. हे बरोबर आहे, त्यात फसवणूक नाही. पण पिना बारीक आणि गोल, बाहेरच्या देशातल्या पद्धतीच्या, आपल्याकडच्या सॉकेटमध्ये त्या ढिल्या बसतात, हलल्या की आत ठिणगी पडते आणि सॉकेट तापतं. मशीनची स्वतःची वायर जेमतेम एक फूट. म्हणजे एक्स्टेंशन लागणारच हे कंपनीला माहीत आहे, तरी बॉक्समध्ये कसली वायर वापरायची याचा धड कागद नाही. याचा एक स्टार कापला.

आता खरा किस्सा.

पहिल्या दिवशी ट्रिमर घरातल्या जुन्या एक्स्टेंशनवर चालला, काही झालं नाही. ३० मीटरची वायर, गणपतीच्या लायटिंगसाठी घेतलेली, विकणाऱ्यानं दीडची (म्हणजे दीड स्क्वेअर एमएम जाडीची) आहे असं छातीठोक सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी त्याच वायरीवर चेन सॉ लावला. निंबाची आधीच खाली पडलेली एक फांदी कापायची होती, अंतर फार नव्हतं म्हणून दहाएक मीटर वायर उलगडली आणि बाकीचं वेटोळं तसंच ओट्यावर ठेवलं. वीसेक मिनिटं झाली असतील, सासूबाई म्हणाल्या काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय. मी वेटोळ्याला हात लावला आणि चटकन मागं घेतला, वायर तव्यासारखी तापलेली, वेटोळ्याच्या आतल्या फेऱ्या मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या. भिंतीतला स्विच बंद केला. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला नव्हता, मशीन नीट चालत होती, म्हणजे कुणाला वास आला नसता तर ती वायर वितळून आतले दोन तांब्याचे धागे एकमेकांना टेकेपर्यंत आम्हाला कळलंच नसतं.

तेच वेटोळं घेऊन मी रिवायंडिंगवाल्या भाऊंकडं गेले. हे दुकान म्हणजे एक शटर, बाहेर विहिरीवरच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारींची रांग, आत वार्निशचा वास आणि सगळीकडं तांब्याच्या तारा. मी म्हटलं मला चांगलं एक्स्टेंशन द्या. त्यांनी काही दिलं नाही, आधी माझ्या वायरीचा तुकडा कापला, इन्सुलेशन सोललं, तारा काचेच्या तुकड्यावर पसरल्या आणि मला मोजायला लावल्या. २४ भरल्या. मग मोटारीची तार मोजायचं मायक्रोमीटर लावलं, एक तार ०.२ मिलिमीटर. त्याचा हिशोब ०.७५ स्क्वेअर एमएम होतो. दीडची म्हणून घेतलेली वायर निम्मी निघाली. भाऊ म्हणाले, "ताई, वायरच्या अंगावर काय छापलंय त्याला अर्थ नाही, कापून बघा."

मग त्यांनी पाठकोऱ्या बिलावर गणित मांडलं, ते मला फार आवडलं म्हणून इथं देते. २००० वॅटचा सॉ २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. ३० मीटर वायर म्हणजे जायचे ३० आणि यायचे ३०, एकूण ६० मीटर तांबं. ०.७५ च्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या वर जातो, म्हणजे साडेतेरा व्होल्ट वायरच खाते आणि जवळजवळ १२० वॅटची उष्णता वायरीतच तयार होते. पूर्ण उलगडलेली असेल तर ती उष्णता ३० मीटरभर पसरून हवेत जाते. पण आमच्याकडं वीस मीटरचं वेटोळं होतं, म्हणजे ८० वॅटच्या आसपासची उष्णता एका घमेल्याएवढ्या जागेत कोंडलेली, वरून एप्रिलचं ऊन. साध्या पीव्हीसी वायरीचं इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतचंच असतं आणि आपल्याकडं दुपारी ओट्याची फरशीच किती तापते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. तेच अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर नुकसान चार व्होल्टवर येतं. संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात वायरीनं आणखी तेरा-चौदा खाल्ले की सॉ लाकडात अडकायला लागतो, अडकला की आणखी करंट ओढतो, आणि मग मशीनपण तापते. लोक म्हणतात मशीन दमदार नाही, कित्येकदा वायरच दमदार नसते.

म्हणजे वायर किती जाडीची घ्यायची हा प्रश्न तिथंच सुटला. ३० मीटर, थ्री कोअर (आत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारा), अडीच स्क्वेअर एमएम, गोल, तांब्याची, आणि वेटोळं कितीही लांबीचं असो, वापरताना पूर्ण उलगडायचं, मग काम दोन पावलांवर का असेना.

दुसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता, तो भाऊंनी काढला. "घरात आरसीसीबी आहे का?" मी म्हटलं एमसीबी आहेत की. ते हसले नाहीत, शांतपणे समजावलं, आणि त्यासाठी मी त्यांना पाच स्टार देते. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या वर करंट गेल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर पडतो, आणि माणसाच्या अंगातून जाऊन जीव घेणारा करंट त्याच्या कितीतरी खाली, मिलीअँपिअरमध्ये असतो, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी वेगळं काम करतो. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का हे तो सतत बघत असतो, आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठंतरी तिसऱ्याच वाटेनं, समजा तुमच्या हातातून पायातून जमिनीत चाललाय, की ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो. फरक मोठा असेल तर त्याहून खूप लवकर. आपल्याकडं बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. घेताना त्याच्यावर ३० एमए लिहिलंय ना ते बघा, १०० आणि ३०० चेपण मिळतात, ते आग लागू नये म्हणून असतात, माणसाला शॉकपासून वाचवायला नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी केली जी मला कधीच सुचली नसती. मी म्हटलं होतं की आरसीसीबीचा डबा माझ्या हाताशी, सॉकेटच्या टोकाला बसवा, म्हणजे पडला तर तिथंच उचलता येईल. ते नाही म्हणाले. डबा घराकडच्या टोकालाच पाहिजे, कारण तो स्वतःच्या पुढचंच बघतो, मागचं नाही. माझ्या हाताशी बसवला असता तर मधली ३० मीटर वायर, जी कुंपणातून, दगडावरून, ओल्या आळ्यातून जाते आणि जी कापली जायची सगळ्यात जास्त शक्यता, तीच उघडी राहिली असती. म्हणून डबा भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटपासून हातभर अंतरावर, त्यात १६ चा एमसीबी आणि २५ अँपिअर ३० एमएचा आरसीसीबी, आणि पुढं लांब वायर, टोकाला झाकणाचं सॉकेट.

खर्च असा झाला: वायर ४,२००, आरसीसीबी १,९००, डबा, एमसीबी, सॉकेट, प्लग आणि मजुरी धरून ११००. एकूण ७,२००. ट्रिमर ४,६०० ला पडला होता. घरी थोडं वाजलं यावरून. आप्पा (माझे सासरे) बिल बघून म्हणाले एवढ्यात दोन मजूर आठवडाभर राबले असते. मी त्यांना ती वितळलेली वायर दाखवली, त्यानंतर ते काही बोलले नाहीत, उलट ट्रिमर चालू केला की खाट टाकून समोर बसायचे आणि दर पाच मिनिटांनी ओरडायचे, "बाई, वायर मांगे ऱ्हाऊ दे!" अहिराणीत मांगे म्हणजे मागं. ते एक वाक्य सगळ्या मॅन्युअलपेक्षा कामाचं आहे. सॉकेटपासून लांब लांब जात कापायचं, सॉकेटकडं येत नाही, म्हणजे वायर आपोआप पाठीमागं राहते. मी ती उजव्या खांद्यावरून पाठीवर सोडते, आणि मशीनची वायर आणि एक्स्टेंशन जिथं जुळतात तिथं दोघींची एक सैल गाठ मारते, ओढ बसली तर गाठीवर बसते, प्लग निघत नाही. ढिल्या पिनांचा त्रास होता तो भाऊंनी आपल्याकडचा दोन पिनांचा चांगला प्लग लावून संपवला, फक्त वॉरंटीचं आधी विचारून घ्या.

तरी वायर कापली गेलीच, आणि माझ्याच हातून. आखाजीच्या चार दिवस आधी. कुंपणाचा कोपरा वळताना मी दोन पावलं मागं आले, वायर खांद्यावरून घसरून मेंदीत गेली आणि हिरव्या पानांत मला दिसली नाही. फट् असा आवाज, निळसर उजेड, ब्लेडच्या दोन दातांवर काळा डाग, आणि सगळं शांत. माझा पुतण्या तिथंच पालापाचोळा गोळा करत होता, तो मदतीला म्हणून धावला आणि खाली पडलेलं वायरीचं टोक उचलायला वाकला. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचे बाहेर आले. तो थांबला. मी मशीन जिथल्या तिथं खाली ठेवली, घराकडं गेले, भिंतीतला स्विच बंद केला, प्लग काढून हातात घेतला, आणि मगच परत येऊन वायर बघितली. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही खाली पडलेले होते, म्हणजे त्यानं हात लावला असता तरी काही झालं नसतं. पण हे मला डब्यापाशी जाऊन बघितल्यावर कळलं, वाकताना त्यालापण माहीत नव्हतं आणि मलापण नव्हतं. कापलेल्या वायरीचं घराकडचं टोक जिवंत आहे असंच धरून चालायचं, प्लग तुमच्या मुठीत येईपर्यंत. पोरांना हे मशीन चालू करायच्या आधी सांगून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.

दुरुस्तीला गेले तर वाटलं चिकटपट्टी लावून जोडतील. भाऊंनी चक्क नकार दिला. टेपचा जोड जमिनीवरून फरफटत नेला की सुटतो, दवात भिजतो. त्यांनी कापलेली जागा काढून टाकली, २१ मीटरच्या तुकड्याला नवीन सॉकेट लावलं, उरलेला आठेक मीटरचा तुकडा वेगळा प्लग-सॉकेट लावून दिला. १८० रुपये घेतले. आणि वायर पिवळी का घेतली नाही असं मीच त्यांना विचारलं, कारण काळी वायर मेंदीत दिसत नाही हे मला आता कळलंय. ते म्हणाले स्टॉकला नव्हती. हा एक स्टार मी त्यांचा कापणार होते, पण कापत नाही, पर्याय म्हणून मी वायरीला दर हातभर अंतरावर पिवळी टेप गुंडाळली आहे, नुसती दिसण्यासाठी.

आता थोडं शेताबद्दल, कारण हा बोर्ड बघून भाऊजींना हुरूप आला आणि ते म्हणाले विहिरीवर नेऊ, बांधावरच्या बाभळी कापू. आमच्या विहिरीवर थ्री फेज आहे, स्टार्टरमधून एक फेज काढायची आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत ठोकलेला रॉड वापरायचा, असं करून लोक रात्री बल्ब लावतात, सगळ्यांनी बघितलेलं असेल. भाऊजींचं म्हणणं, आता आरसीसीबी आहे, मग भीती कसली. मी फोन करून विचारलं तर दुकानवाले भाऊ पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. सॉचा सगळा करंट त्या रॉडमधून जमिनीत जाणार. रॉडचा रेझिस्टन्स दहा ओहम जरी धरला तरी साठेक व्होल्ट रॉडवर उभे राहतात, आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळून रॉड सोडते तेव्हा तर विचारूच नका. रॉडजवळ बैल बांधलेला असेल, कुणी अनवाणी उभं असेल, त्यांच्या पायांना तो करंट मिळणार. आणि आरसीसीबीला यातलं काही कळणार नाही, कारण त्याच्या दोन्ही तारांतून करंट सारखाच जातोय, त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे. बाभळी अजून उभ्याच आहेत. त्या कुऱ्हाडीनं तोडायच्या ठरल्यात.

याच्याचसोबत हेपण लिहिते, आरसीसीबी म्हणजे कवच-कुंडलं नाहीत. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्याला वाटतं बल्बच लागलाय. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, खट्कन पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे, बदला. मी तर त्या दिवशीचं काम सुरू करायच्या आधी दरवेळी दाबते, एक सेकंद लागतो. आणि अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो, पण तेव्हा तो तुमच्या अंगातून करंट गेल्यावर पडतो. अर्थिंग चांगलं असेल तर लोखंडी बॉडीच्या मशीनमध्ये बिघाड झाला त्या क्षणीच पडतो, तुम्ही हात लावायच्या आधी. आमचं अर्थिंग बघायला भाऊ घरी आले होते, पाइपाभोवतीची माती सुकून बोटभर फट पडली होती. आता उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी तिथं ओततो.

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडं सकाळी अंगणात सडा टाकतात आणि उन्हामुळं बागेचं काम करायची वेळपण सकाळचीच. आता ट्रिमरच्या दिवशी सडा टाकायचा नाही असं सासूबाईंनीच ठरवलं. ठिबकच्या नळ्यापण आदल्या रात्रीच बंद. प्लास्टिकची चप्पल घातली की शॉक लागत नाही हा जो समज आहे त्यावर जाऊ नका, घामानं भिजलेली पातळ चप्पल काही वाचवत नाही, आणि वरून फांदी पडली तर पाय उघडाच. मी बंद बूट, ह्यांचा जुना फुल शर्ट आत खोचून, ओढणी नाही, बांगड्या काढून, केस बांधून, आणि १२० रुपयांचा गॉगल. भाऊजींना उन्हासाठी गळ्यात रुमाल लागतो, सॉ चालवताना तो डोक्याला घट्ट बांधायचा, टोकं लोंबती ठेवायची नाहीत.

वीज जाते येते त्याचं काय, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये आपल्या हिशोबानं लिहिलेलं नसतं. भाऊजींचा जुना ग्राइंडर आहे, त्याचं बटण पुढं सरकवलं की तिथंच अडकून राहतं. झोक्याच्या कड्या घासताना लाइट गेली, त्यांनी ग्राइंडर तसाच फरशीवर ठेवला आणि चहाला आत आले. दहा मिनिटांनी लाइट आली आणि ग्राइंडर आपोआप सुरू होऊन फरशीवर गोल फिरत, ठिणग्या उडवत, दाराच्या उंबऱ्याला येऊन आपटला. चकतीचा टवका उडाला. असले चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे फिरतात, गार्ड काढलेला असता तर तो टवका कुठं गेला असता कोण जाणे. लाइट गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग चहा. चकतीवरपण तिची कमाल फेऱ्यांची मर्यादा आणि बनवल्याची किंवा संपायची तारीख असते, ती बघून घ्या. आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावून फांद्या तोडतात ना, ते बघूनच मला धडकी भरते, ते मशीन त्यासाठी नाहीच.

चेन सॉबद्दल मी कमी लिहितेय कारण तो मी चालवत नाही. एवढं सांगते की लाकूड पडलेलं असेल तर मस्त काम करतो, मांडीएवढी फांदी दोन मिनिटांत. पण बारच्या (चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिच्या) टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की मशीन उलटी चालवणाऱ्याच्या तोंडाकडं उसळते, म्हणून पुढच्या पकडीसमोरचं ते प्लास्टिकचं गार्ड, तेच दाबलं की चेनला ब्रेक लागतो. रोज सुरू करताना तो ब्रेक आणि चेनचं तेल बघायचं. शिडीवर चढून नाही, खांद्याच्या वर उचलून नाही. म्हणूनच निंबाच्या त्या दोन वाळक्या फांद्या आम्ही सॉनं तोडल्याच नाहीत. एक माणूस दोर बांधून वर चढला आणि हातकरवतीनं उतरवल्या, सॉनं त्याचे खाली तुकडे केले. तिसरी एक फांदी सर्व्हिस वायरला (खांबावरून घरात येणाऱ्या तारेला) टेकत होती, तिला कुणी हात लावला नाही, महावितरणच्या १९१२ वर तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी लाइनमन आले, सप्लाय बंद करून त्यांनी कापली. तोवर आम्ही त्या बाजूला पोरांना जाऊ दिलं नाही.

झोका बांधला गेला. पोरी आल्या, दोन दिवस निंबाखाली गाणी चालली.

अपडेट, श्रावणातलं: कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या) आधी पुन्हा कुंपण कापायला काढलं, दोन दिवस पाऊस नव्हता, अंगण कोरडं. प्लग लावला, टी बटण दाबलं, पडला, परत वर केला आणि ट्रिमर लावायच्या आधीच आरसीसीबी आपोआप पडला. परत वर केला, परत पडला. भाऊजी म्हणाले डबा खराब झाला, बायपास कर, दहा मिनिटांचं काम आहे. मी नाही केलं. वायरीचं टोक उघडून बघितलं तर त्या झाकणाच्या सॉकेटमध्ये पाणी, कुणीतरी वायरीचं गुंडाळलेलं रील पडवीत, सॉकेटचं झाकण वर करून ठेवलं होतं आणि पागोळ्या थेट त्यात. सॉकेट उघडून दोन दिवस वाळवलं, पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला होता म्हणून भाऊंकडून ते बदलून घेतलं, १४० रुपये. आता रील आत खुंटीला, सॉकेटचं तोंड खाली करून टांगते. कुंपण तीन दिवस उशिरा कापलं गेलं.

रेटिंग विचाराल तर ट्रिमर चार, सॉ साडेतीन (तेल गळतं), आणि बोर्ड पाच. दुकानात सकाळी अकराच्या आत जा, नंतर मोटारवाल्या शेतकऱ्यांची गर्दी असते, आणि पिवळी वायर हवी असेल तर आठ दिवस आधी सांगून ठेवा.